खापरावरचे बी

एका राज्यात तीन घरांची एक आळी होती आणि त्या घरांच्या मधोमध सामाईक बाग होती : तीन वाफे, एक विहीर. एकदा एका मांत्रिकाने तेथे मूठभर वालपापडी मागितली. प्रत्येकाने शेजारच्या दाराकडे बोट दाखवले. मांत्रिक म्हणाला, "आजपासून स्वतःच्या घरचे बी तुम्हांला उगवणार नाही."

तेव्हापासून शेजारी एकमेकांना बी देऊ लागले. तरीही तीन वर्षे कोंब फुटला नाही. अखेर राजाने दवंडी पिटवली : आठ दिवसांत बाग हिरवी झाली नाही, तर विहीर बुजवून तेथे हत्तीखाना होईल. दुसरे पाणी चार कोसांवर होते आणि आळीतल्या सगुणाक्काचे गुडघे चार पावलांतच कुरकुरत.

तिचा संशय शेजारच्या भिवरा कासारणीवर होता. तिला बी भिवराच देई. तिसऱ्या घरचा नागोजी सुतारही हल्ली फारच गोड बोलत असे.

सातव्या सकाळी विहिरीच्या काठावर चांदीच्या चोचीची साळुंकी उतरली.

"अक्का, तीन कामे कर. मिळालेले बी चावून पाहा. दिलेले बी चावून पाहा. लपवलेले बी सर्वांसमोर ठेव."

सगुणाक्काने भिवराचा दाणा चावला. तो भाजलेला होता.

"कासारणी, बाहेर ये!"

"ओरडता कशाला?" भिवरा म्हणाली. "नागोजीभाऊंनी मला उकडलेले दिले. माझा वाफा ओसाड राहावा आणि तुमचा बहरावा, होय?"

नागोजीने कनवटीचा दाणा पुढे केला. "हाही चावा, अक्का. तुमच्याच घरचा आहे."

चावण्याची गरज नव्हती. खापराची ती धग तिच्या बोटांना आठवत होती. तरीही तिने चावला. तो भिवराच्या दाण्याहूनही खरपूस निघाला.

घरात जाऊन तिने राखेत जपलेल्या बियांचे गाडगे आणले. "हे मी लपवले होते. घ्या."

"यात काय कालवले आहे?" नागोजीने विचारले.

"चावून पाहा."

त्याने चावला. दाणा कच्चा होता, कडक होता. मग तोही घरात गेला. पाठोपाठ भिवराही गेली. दोघांनी आपापले लपवलेले बी आणून पुढे ठेवले. दुपारपर्यंत तिन्ही वाफे पेरून झाले.

आठव्या सकाळी हत्ती दाराशी आले, तेव्हा वेल विहिरीच्या रहाटावर चढले होते. माहुतांनी हत्ती परत वळवले. पहिली मूठभर वालपापडी साळुंकीने मांत्रिकाला पोचवली.

त्या आळीत बी घेताना अजूनही एक दाणा चावून पाहतात; मात्र तो देणाऱ्याच्या देखत.