हुंकाराच्या खुणा

"कथा वाईट आहे, एवढंच सांगा आक्का. दुसरं काही नको."

प्रल्हाद दहिफळे पायरीवर चपला काढता काढताच हे बोलला. नमस्कार त्याला नंतर आठवला.

टेकडीवरच्या मठात दुपारी आम्ही दोघंच असतो. आक्का वाती वळतात, मी संध्याकाळची भाजी निवडतो. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, आता इथं आहे. आक्का मला अजून कंडक्टरच म्हणतात. माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो अशी माझी घमेंड आहे, पण त्या दिवशी मला काही कळेना. लेखक माणूस कौतुक ऐकायला येतो. हा नावं ठेवून घ्यायला आला होता.

आणि तोही कोण, तर प्रल्हाद!

तालुक्याच्या कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथा लिहितो. परग्रह, यानं, तसलं सगळं. स्टाफरूममध्ये त्याला मंगळकर म्हणतात. दिवाळी अंकांकडून त्याच्या कथा इतक्यांदा साभार परत आल्या, की पाकीट हातात देताना पोस्टमनच ओशाळायचा. हा नाही. संपादकांचं गणित कच्चं आहे, असं चारचौघांत सांगायचा. कुणी एखादी चूक काढली तर आठवडाभर त्याच्या दारी जाऊन आकडेमोड करून दाखवायचा. अशा माणसाला कथा वाईट असल्याचा दाखला हवा होता.

आक्कांनी हातातली वात पुरी केली. मग म्हणाल्या, "आधी पाणी पी."

तो प्यायला नाही. तांब्या हातात धरून बसला. दाढी वाढली होती, आणि पिशवीतून निघाला तो कागदांचा गठ्ठा. त्याच्या कडेला, समासात, पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. पानोपानी. काही पानांवर दहा-बारा, काहींवर दोनच.

"हे काय?" आक्कांनी विचारलं.

"हुंकार..." तो म्हणाला.

मग जे होतं ते त्याने सांगितलं. मी शेंगा मोडायचं थांबवून ऐकलं, कारण ते अण्णांचं होतं.

प्रल्हादचे वडील अण्णा आमच्या डेपोत ड्रायव्हर होते. सात वर्षं मी त्यांच्या गाडीवर होतो. अखंड बोलणारा माणूस. घाटात इंजिन बंद पडलं तरी यांचं तोंड बंद पडायचं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली. उरला तो फक्त हूं. चहा हवा का, हूं. कूस बदलू का, हूं. मी एकदा भेटून आलो, आणि तो हूं ऐकल्यावर पुन्हा गेलो नाही. खोटं कशाला बोलू, माझ्याच्यानं झालं नाही.

प्रल्हादला मात्र त्या घरातून जाता येत नव्हतं. रोज कॉलेजातून आल्यावर बापाशेजारी बसून काय बोलायचं, हे त्याला सुचेना. तेव्हा त्याने कादंबरी लिहायला घेतली. रोज दोन पानं लिहायची आणि ती अण्णांना वाचून दाखवायची. जिथं हूं आला, तिथं पेन्सिलीने खूण करायची.

"चार वर्षं?" मी विचारलं.

"चार वर्षं."

तो हूं कथेला आहे की नुसताच आहे, हे त्याला कधी कळलं नाही. पंखा लावू का यालाही तोच हूं, आणि यान कोसळलं यालाही तोच. पण खुणा करायची सवय लागली. जिथं खुणा कमी पडत, तो भाग तो पुन्हा लिहायचा. या जिल्ह्यात एवढा काटेकोर संपादक कुणाला मिळाला नसेल, असं म्हणून तो हसायला गेला. ते काही जमलं नाही.

"मग?" आक्का म्हणाल्या.

त्याने गठ्ठा उलटून शेवटची पानं काढली. त्यांचे समास कोरे होते.

"आठ दिवस झाले. एकही नाही."

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, पान नीरस झालं असेल. रात्रभरात बदललं, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचलं. काही नाही. सुरुवात फिरवली, वर्णनं छाटली, तिसऱ्यांदा वाचलं. अण्णा छताकडे बघत पडलेले. मग त्याने वाचणंच बंद केलं. आता तो नुसता शेजारी बसतो आणि पान दुरुस्त करतो. अण्णा कशालाच हूं देत नाहीत, चहालाही नाही. डॉक्टर आले, नाडी बघितली, म्हणाले दुसरा झटका येऊन गेला असावा. किती ऐकू जातंय, किती कळतंय, सांगता येत नाही.

"त्यांना काय कळतंय..." प्रल्हाद म्हणाला. "पान वाईट असेल आक्का. पानच वाईट असणार. तुम्ही ऐका आणि सांगा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पान वाईट निघालं, तर ते कंटाळून गप्प झाले असं म्हणता येत होतं. पान चांगलं निघालं, तर...

मी मान खाली घालून पुन्हा शेंगा मोडायला लागलो.

आक्कांनी कापसाची टोपली पुढं ओढली. "वाच. मी हुंकार देते."

हा मठातला जुना रिवाज आहे. आक्का मुलांना गोष्टी सांगतात, आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट बंद, तिथल्या तिथं. मग कितीही गयावया करा. प्रल्हादही लहानपणी अण्णांचा हात धरून इथं येऊन बसायचा, आणि झोप आली तरी डोळे मिटून हूं हूं करायचा, हे मला आठवतंय.

त्याने चष्मा पुसला. वाचण्याआधी समजावून सांगायला लागला, की या ग्रहाला दोन सूर्य आहेत. एक मावळायच्या आत दुसरा उगवतो. त्यामुळं रात्र नाही आणि धड सावलीही नाही, कारण एकाने पाडलेली सावली दुसरा पुसून टाकतो. मात्र वर्षातून काही दिवस दोन्ही सूर्य एका रेषेत येतात, तेव्हा गणिताने सावली पडायलाच हवी, आणि या अडचणीवर त्याने दोन वर्षं घालवली आहेत. प्रयोगशाळेत दोन बल्ब लावून...

"तिथं राहतं कोण?" आक्कांनी विचारलं.

"माणसं. म्हणजे माणसांसारखी. त्यांचा रेणवीय—"

"मग माणसांपासून धर."

त्याने गिळला तो रेणवीय का काय तो, आणि मधली बरीच पानं गाळत वाचायला लागला.

गोष्ट अशी होती. त्या जगात कुणी झाड बघितलेलं नाही. तारव नावाच्या एका म्हाताऱ्याला कुठल्याशा कोसळलेल्या यानात झाडाचं बी सापडतं. तो ते कमरेच्या बटव्यात घालतो आणि सावली लावायला निघतो. पलीकडच्या खोऱ्यात ओलावा आहे, असं त्याने ऐकलंय. मध्ये पांढरा माळ आहे.

"हूं," आक्का म्हणाल्या. हातातली वात वळून झाली.

प्रल्हादने खिशातून पेन्सिल काढली आणि समासात खूण केली. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

म्हातारा निघताना बटव्यावर दोनदा थाप मारतो. चल गं, म्हणतो.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. अण्णा गाडी सुरू करायच्या आधी स्टिअरिंगवर दोनदा थाप मारायचे. चल गं, म्हणायचे. सात वर्षं रोज ऐकलेलं आहे मी. प्रल्हादला हे माहीत होतं की हातातून आपसूक उतरलं, मी विचारलं नाही.

"हूं."

खूण.

वाचताना प्रल्हादचा अर्धा जीव कागदावर आणि अर्धा आक्कांच्या तोंडाकडे होता. हुंकार जरा उशिरा आला की तो अडखळायचा. आला की घाईघाईने पुढं पळायचा. नवीन ड्रायव्हर आरशात बघत गाडी हाकतो ना, तसं चाललं होतं.

म्हातारा माळावर येतो. पाणी संपतं. पाय भाजतात, पण थांबून बसायला सावली नाही, म्हणून तो चालत राहतो. बोलायला कुणी नाही, म्हणून बियाशी बोलतो. पुढं जीभ सुजते आणि बोलणंही जातं.

"हूं..."

खूण.

मग त्याला समोर एक दार दिसतं. भोवती भिंत नाही, घर नाही. रिकाम्या माळावर नुसतं एक बंद दार. तो जवळ जातो. दाराला हात लावतो. ते गार असतं.

त्याला आवाज द्यायचा असतो. आवाज निघत नाही. तो बटव्यावर थाप मारतो, एकदा, दोनदा.

आणि दारापलीकडून कुणीतरी विचारतं, "कोण आहे?"

प्रल्हाद थांबला. पान तिथंच संपत होतं.

आक्कांचा हुंकार आला नाही.

त्याने वाट बघितली. मीही. मठामागच्या लिंबावर पारवे घुमत होते. आक्कांच्या मांडीवर कापसाचा पेळू तसाच पडला होता. त्यांची बोटं हलत नव्हती...

प्रल्हादने पेन्सिल खाली ठेवली.

"तुमचाही थांबला," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच सांगतो, आठ दिवसांचा शीण उतरलेला मी डोळ्यांनी बघितला. त्याने हात जोडले. "मला वाटलंच होतं. पानच वाईट आहे. कंटाळवाणं आहे. म्हणजे अण्णा... म्हणजे त्यांना नुसता कंटाळा आलाय..."

रडत होता आणि हसत होता. कागद गोळा करायला लागला. आता घरी जाऊन सगळं मुळापासून लिहितो, म्हणाला.

"अरे, पण आत कोण होतं?" आक्कांनी विचारलं.

"आं?"

"दाराआड. कोण विचारत होतं?"

प्रल्हाद त्यांच्याकडे बघत राहिला.

"आक्का... तुमचा हुंकार थांबला होता."

"थांबला होता?" आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी मांडीवरचा पेळू उचलला, जणू तो तिथं आहे हे त्यांना आत्ताच कळलं. "माझं लक्ष नव्हतं तिकडं."

प्रल्हादच्या चेहऱ्यावरचा तो उजेड हळूहळू गेला. बघवेना. पाण्याचा तांब्या मघापासून तसाच होता, तो त्याने उचलला आणि घटाघटा प्यायला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"म्हणजे पान चांगलं आहे," तो म्हणाला.

आक्कांनी पेळू टोपलीत ठेवला.

"मग अण्णा का..." पुढचं त्याला म्हणवेना. त्याने दुसऱ्या बाजूने विचारलं. "मग ते ऐकत असतील का आक्का? का नसतील? एक काहीतरी सांगा."

"मला कसं कळणार?"

हे उत्तर त्याला लागलं. मलाही लागलं. टेकडी चढून आलेल्या माणसाला असं रिकाम्या हाताने परत पाठवायचं नसतं, असं माझं मन म्हणालं. पण आक्का खोटा दिलासा देत नाहीत. कधीच दिला नाही.

त्यांनी हात पुढं करून गठ्ठा मागितला. पहिल्या पानापासून समासावर बोट फिरवत गेल्या. खुणा, खुणा, खुणा. चार वर्षांच्या. मग कोऱ्या पानाशी बोट आलं आणि थांबलं.

"अण्णाला इथपर्यंत वाचलंस?"

"हो. तीनदा."

"याच्यापुढचं?"

"याच्यापुढचं लिहिलंय. सगळी कथा संपवलीय मी. पण ते नाही वाचलं."

"का?"

प्रल्हाद लहान मुलासारखा त्यांच्याकडे बघायला लागला. "हुंकार थांबला होता ना आक्का. तुम्हीच शिकवलंय. हुंकार थांबला की गोष्ट बंद."

आक्कांनी त्याने खाली ठेवलेली पेन्सिल उचलली आणि आपल्या वातींच्या टोपलीत टाकली. कागद सारखे केले, त्याच्या हातात दिले, आणि ते धरलेले त्याचे हात दोन्ही हातांनी दाबले.

अण्णांकडे जायला मीही कोपऱ्यातल्या माझ्या चपला शोधायला लागलो होतो.

"जा लेकरा," आक्का म्हणाल्या. "म्हातारा आठ दिवस उन्हात उभा आहे."