बुरुजावरून दिसणारे दिवे

राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, इतक्या मागची गोष्ट. आठवून करायचंय तरी काय.

त्याच्या गडावर एक म्हातारा पहारेकरी होता. तिन्हीसांजेला बुरुजावर उभं राहायचं, खालच्या गावांतले दिवे बघायचे आणि राजाला जाऊन सांगायचं, एवढंच काम. दिवे लागले म्हणजे गाव नांदतंय. नदीकाठच्या गावात त्याची लेक दिली होती, म्हणून तिकडे तो जरा जास्त वेळ बघायचा.

त्याच गावानं फौजेला धान्य द्यायचं नाकारलं. राजा भडकला. तिथे दिवा म्हणून दिसता कामा नये, म्हणाला. फौज गेली, घरं पेटवली, माणसं कापली, परत आली.

दुसऱ्या सांजेला राजा स्वतः बुरुजावर चढला, तर नदीकाठी दिवे मिणमिणत होते. त्यानं सरदाराला शिव्या घातल्या, की गाव तर जिवंत आहे, तू गेला होतास कशाला.

पहारेकऱ्याला वाटलं, खरं सांगितलं तर राजाला दया येईल. काही माणसं केस पिकले तरी अडाणीच राहतात.

"महाराज, गाव उरलं नाही. माणूस जिथे मेलं तिथे दिवा ठेवतात, ते दिवे आहेत. मेलेल्यांचे."

राजानं ते दिवे पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाला, "मेलेले आपापला दिवा लावतात काय रे?"

फौज पुन्हा गेली. जाळायला काही नव्हतंच. रानात लपलेली जी माणसं दिवे ठेवायला परत आली होती, तेवढी मारली. त्यात पहारेकऱ्याची लेक होती.

त्या सांजेला नदीकाठी नुसता काळोख. मेलेल्यांसाठी दिवा ठेवायलाही कुणी उरलं नव्हतं. चिराग म्हणजे दिवा. असल्या गावाला लोक बेचिराग म्हणू लागले. बोलता बोलता त्याचं बेचिराख झालं, आणि आता जो तो त्यात राख शोधतो.

पहारेकरी घरी आला. घर गडाच्या पायथ्याशी. बुरुजावरून अंगणसुद्धा दिसायचं. बायकोनं लेकीच्या नावानं दिवा लावून ठेवला होता. त्यानं एकदा वर गडाकडे बघितलं.

"विझव तो," म्हणाला.

"तुमच्या लेकीचा आहे," ती म्हणाली.

त्यानं खाली वाकून फुंकर मारली.

पोरांनो, म्हाताऱ्यांनो, बोध एवढाच: गाव फौज जाळते, पण ते बेचिराख होतं मागे राहिलेल्यांच्या भीतीनं.