न उघडलेली घडी

एका गावात एक वाचनालय होतं आणि त्या वाचनालयाला एक कार्यवाह होते, त्र्यंबकराव सोमण. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालय हातात घेतलं, तेव्हा तिथे चार कपाटं, एक डुगडुगतं बाक आणि कालचं वर्तमानपत्र एवढाच संसार होता. बारा वर्षांत त्यांनी त्याचा कायापालट केला. दर गुरुवारी दुपारी चारला मोठ्या माणसांचं वाचक मंडळ बसू लागलं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं. वर्षातून दोनदा बाहेरगावचे लेखक भाषणाला येऊ लागले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्र्यंबकरावांनी दुपारचा वर्ग काढला आणि स्वतः खडू हातात घेऊन शिकवलं. माणूस कामाचा होता, यात वाद नाही.

त्यांना एकच भीती होती. पाहुण्यांसमोर आपल्या गावाची शोभा होईल, ही ती भीती.

तीही अगदीच उगाच नव्हती. पहिल्या वर्षी एका श्रोत्याने मोठ्या विद्वान पाहुण्यांना भर सभेत विचारलं होतं, "आपण डोक्याला तेल कोणतं लावता?" सभा हसली, पाहुणेही हसले. त्र्यंबकराव मात्र आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी नियम केला की प्रश्न तोंडी विचारायचा नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायचा. चिठ्ठ्या त्र्यंबकराव गोळा करत. घडी जरा उघडून पहिली ओळ पाहत. प्रश्न बरा वाटला तर चिठ्ठी तबकात, नाही तर कोटाच्या खिशात. तबकातल्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या जात. खिशातल्या चिठ्ठ्या नंतर टेबलाच्या खणात जात आणि तिथेच राहत. तबक फारच रिकामं दिसलं तर त्र्यंबकराव स्वतःच दोन प्रश्न लिहून खाली 'एक वाचक' अशी सही करत. पाहुण्यांना वाटे, गाव मोठं जाणकार आहे. गावाला वाटे, हा एक वाचक आहे तरी कोण.

वाचक मंडळात शेवटच्या रांगेत द्वारकाबाई बसत. कासार आळीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. पन्नाशी उलटल्यावर त्या त्र्यंबकरावांच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. पुस्तक वाचायला त्यांना इतरांच्या चौपट वेळ लागे, पण त्या ते शेवटपर्यंत वाचत. चर्चेत मात्र कधी तोंड उघडत नसत. त्र्यंबकरावांना त्यांचं कौतुक होतं. "आमच्या वर्गाचं फळ," असं ते पाहुण्यांना लांबूनच बोट दाखवून सांगत.

त्या वर्षी दामोदर हिर्लेकर नावाचे वयोवृद्ध लेखक यायचे होते. मंडळाने महिनाभर त्यांची कादंबरी वाचली. तिच्यात एका रेल्वे जंक्शनजवळच्या खानावळीतला आचारी होता. एकटा जीव, फारसा न बोलणारा. दर नागपंचमीला तो खानावळीमागच्या लिंबाला झोपाळा बांधतो. बसायला फळी म्हणून एका लाकडी पेटीचं झाकण लावतो, त्या झाकणावर पितळेचा मोर असतो. दिवसभर झोपाळा रिकामाच हलत राहतो आणि संध्याकाळी आचारी तो सोडून ठेवतो. का, ते कादंबरीत कुठेही सांगितलेलं नव्हतं.

मंडळात या झोपाळ्यावर खूप चर्चा झाली. कोणी म्हणालं, झोपाळा म्हणजे माणसाचं मन. त्र्यंबकराव म्हणाले, झोपाळा म्हणजे काळ. द्वारकाबाई नेहमीप्रमाणे गप्प होत्या. मात्र त्या दिवशी उठताना त्यांनी पुस्तक परत दिलं नाही, आणखी आठवडाभर मागून घेतलं.

भाषणाच्या दिवशी वाचनालय भरून गेलं. हिर्लेकर थकलेले दिसत होते, आवाजही बारीक झाला होता, पण बोलले मनापासून. मग चिठ्ठ्या आल्या. त्र्यंबकराव एकेक घडी उघडून पाहू लागले. एका चिठ्ठीवर मोठी, वाकडीतिकडी अक्षरं होती. पहिली ओळ होती, 'ही गोष्ट खरी आहे का?'

त्र्यंबकरावांनी अक्षर ओळखलं. त्यांनीच गिरवून घेतलेलं अक्षर ते. त्यांना जरा वाईटही वाटलं. पण एवढ्या मोठ्या लेखकाला असला पोरकट प्रश्न? इतकी वर्षं मंडळात बसून बाई हेच शिकल्या, असं पाहुणे म्हणतील. त्यांनी चिठ्ठी पुन्हा मिटली आणि खिशात टाकली.

मग त्यांनी 'एक वाचक' यांचा प्रश्न वाचला. 'आपल्या लेखनामागील मूल्यविचाराचे अधिष्ठान कोणते?' हिर्लेकरांनी कपाळ खाजवलं आणि काहीतरी उत्तर दिलं. आणखी चार प्रश्न तसेच झाले. तबक रिकामं झाल्यावर हिर्लेकरांनी सभेकडे नजर फिरवली.

"माझ्या आचाऱ्याविषयी कोणी काहीच विचारलं नाही?" ते म्हणाले. "त्या झोपाळ्याविषयी?"

त्र्यंबकराव हसून म्हणाले, "आमचे वाचक गोष्टीच्या पलीकडचं पाहतात."

"असं होय," हिर्लेकर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

शेवटच्या रांगेत द्वारकाबाई उभ्या राहिल्या होत्या. आभाराचं भाषण सुरू झालं तशा त्या खाली बसल्या. पाहुणे निघाले तेव्हा त्या जिन्यापाशी येऊन थांबल्या.

"गुरुजी, माझी चिठ्ठी..."

"गाडीची वेळ झालीय, द्वारकाबाई. पुढच्या खेपेला बघू," असं म्हणत त्र्यंबकरावांनी पाहुण्यांचा हात धरून त्यांना जिना उतरवला.

पुढच्या गुरुवारी द्वारकाबाई मंडळात आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्र्यंबकरावांना वाटलं, लग्नसराई आहे, दुकानात गर्दी असेल.

पुढची खेप आलीच नाही. दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात हिर्लेकरांच्या निधनाची बातमी आली. मंडळाने शोकसभा ठरवली. आमच्या गावाने त्यांना काय काय विचारलं होतं ते फळ्यावर लावावं, असं त्र्यंबकरावांच्या मनात आलं. त्यांनी खण उघडला आणि तबकातल्या चिठ्ठ्या शोधता शोधता ती वाकड्या अक्षरांची चिठ्ठी हाताला लागली. आता घाई नव्हती. त्यांनी सगळ्या घड्या उघडल्या.

'ही गोष्ट खरी आहे का? तुम्ही लिहिलं झाकणावर पितळेचा मोर आहे. ते बांगड्यांच्या पेटीचं झाकण आहे. पेटी माझ्याकडे आहे. तो माणूस कुठं आहे तेवढं सांगा. द्वारका.'

त्र्यंबकरावांनी चिठ्ठी घेतली, टोपी घातली आणि ते तडक कासार आळीत गेले.

द्वारकाबाई एका मुलीला बांगड्या भरत होत्या. शेजारी शिसवी लाकडाची जुनी पेटी होती. तिच्यावर लुगड्याचा तुकडा अंथरला होता, कारण पेटीला झाकण नव्हतं. मागच्या बाजूला बिजागऱ्यांची भोकं तेवढी उरली होती. त्र्यंबकराव या दुकानावरून रोज जात. ही पेटी त्यांनी आजवर कधी नीट पाहिली नव्हती.

मुलगी गेल्यावर त्यांनी चिठ्ठी पुढे केली. द्वारकाबाईंनी ती ओळखली.

"माझा भाऊ हो, गुरुजी. शिवराम," त्या म्हणाल्या. "नागपंचमीला माझ्या झोपाळ्याला फळी मिळंना, तर ह्यानं आबांच्या पेटीचं झाकणच उचकटलं. आबांनी लई मारलं. म्हणाले, परत तोंड दावू नगंस. त्यो झाकण काखंला मारून गेला तो गेलाच. छत्तीस वर्सं झाली. अजून मी पंचमीला त्याचा उपास धरते."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"चिठ्ठीत लिवलं की. तोंडी बोलायचं न्हाई, असा तुमचा नेम. मला वाटलं, गाडीपाशी तुम्ही ती दिली, आणि वाचून त्या सायबांनी सांगायचं न्हाई ठरवलं. शिवरामनंच नगं म्हटलं असंल, असं वाटलं. म्हणून मग मी यायचं सोडलं."

त्र्यंबकरावांची मान खाली गेली. आयुष्यभर शाळेत त्यांनी मुलांना चुका कबूल करायला लावल्या होत्या. आज पाळी त्यांची होती. "त्यांनी वाचली नाही," ते कसंबसं म्हणाले. "मी दिलीच नाही. मीही पुरती वाचली नव्हती."

द्वारकाबाई पेटीवरचा लुगड्याचा तुकडा सारखा करत राहिल्या. चार शब्द सुनावले असते तर त्र्यंबकरावांना बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी त्र्यंबकरावांनी हिर्लेकरांच्या घरी सविस्तर पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नीचं उत्तर आलं. ते घेऊन ते पुन्हा दुकानात गेले आणि त्यांनी ते वाचून दाखवलं.

'आचारी खरा होता. तो आपलं गाव कधी सांगत नसे. बहीण आहे एवढंच म्हणे. तो कुठे राहतो हे कोणाला सांगणार नाही, असा यांनी त्याला शब्द दिला होता. त्यामुळे मलाही ते ठाऊक नाही, वह्यांतही कुठे लिहिलेलं नाही. पण झाकण ओळखणारं माणूस भेटलं तर शब्द मोडीन, असं हे म्हणत. म्हणूनच प्रकृती बरी नसतानाही गावोगाव भाषणांना जात. तुमच्या गावाहून आले तेव्हा म्हणाले, तिथेही कोणी विचारलं नाही.'

शेवटचं वाक्य वाचून त्र्यंबकरावांनी पत्र खाली ठेवलं. द्वारकाबाईंनी त्यांना आतून पाणी आणून दिलं.

"जित्ता हाये, एवढं तरी कळलं," त्या म्हणाल्या. मग रिकामा पेला उचलता उचलता म्हणाल्या, "निदान त्यांनी पुस्तक लिवलं तवा होता."

त्र्यंबकरावांनी चिठ्ठी परत करण्यासाठी हात पुढे केला. द्वारकाबाईंनी ती घेतली नाही.

"तुमच्यापाशीच असू द्या. मला पाठ आहे ती."

त्र्यंबकरावांनी नंतर ओळखीच्या-बिनओळखीच्या कितीतरी वाचनालयांना पत्रं घातली, आठ-दहा जंक्शनांच्या खानावळी पालथ्या घातल्या. कुठेच पत्ता लागला नाही. कोणी म्हणे, असा एक आचारी होता खरा, पण मागेच काम सोडून गेला. कुठे गेला, ते कोणाला माहीत नव्हतं.

वाचनालयातलं तबक आता काढून टाकलं आहे. ज्याचा प्रश्न, त्याने उभं राहून विचारायचा. तेलाबद्दल विचारलं तरी चालतं. 'एक वाचक' यांचे प्रश्न बंद झाले, आणि त्यांची आठवणही कोणी काढली नाही. सगळ्यांचे प्रश्न संपले की त्र्यंबकराव स्वतः उठतात. कोटाच्या खिशातून एक मळकी चिठ्ठी काढतात, तिच्या सगळ्या घड्या उघडतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत वाचतात. पाहुणे मान हलवून म्हणतात, नाही बुवा, असा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

द्वारकाबाई मंडळात पुन्हा आल्या नाहीत. मात्र कोणी लेखक यायचे असले की त्या येतात आणि शेवटच्या रांगेत बसतात. ती चिठ्ठी वाचून होईपर्यंत थांबतात. पाहुण्यांचं उत्तर ऐकतात आणि उठून दुकानाकडे जातात.

तात्पर्य: कोणाचा प्रश्न लहान आहे असं ठरवण्याआधी तो शेवटपर्यंत वाचावा. आपल्याला चूक उमगेपर्यंत उत्तर देणारा थांबून राहतोच असं नाही.