दळलेल्या बिया

त्या राज्यात कुणाच्याच दाराला कडी नव्हती. रानात बियांच्या जातींना तोटा नव्हता. त्यातल्या दोन मनाशी धरायच्या, जात्यात दळायच्या आणि ते पीठ भिजवून दारावर लिंपायचं. त्याच दोन बिया जो आणून दाखवील, त्यालाच दार उघडे. दळणं हातासरशी होई. दळलेल्याच्या पुन्हा बिया करणं कुणाला जमलं नव्हतं. बोका रोज दारोदार फिरे, पीठ हुंगे आणि निघून जाई. आत पिल्लं निवांत झोपत.

एकदा बोक्याने चौकात चिमूटभर पीठ आणून ठेवलं. "कुठलं ते विचारू नका, आपली हौस आहे. मूळ बिया जुळवून द्या, गुळाची ढेप देतो."

मुंग्या धावल्या. त्या पिठाशी ताडायला रानभरच्या बियांचे कण आणून, चाळून त्यांनी ढीग घातला. पण जुळवायचं काम एकट्या कासवाकडे, आणि एक कण जुळवायचा तर अख्खा ढीग ध्यानात ठेवावा लागे. मुंग्या वाढवल्या, तर नुसता ढीगच वाढला. कासवं वाढवली, तर हातातला कण एकमेकांना दाखवायला चालत जाण्यातच त्यांचा जन्म चालला.

ढीग झिपरी खारीच्या वाटेत आला. तिच्या पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. दूध पाजायला जाताना तिला वळसा पडे. शिवाय कुणाचे हाल तिला बघवत नसत.

"कासवदादा, अजून तिथंच का?"

"तिथंच गं बाई. हा पलीकडचा येईस्तोवर माझ्या हातात काय होतं तेच विसरतो."

"मग चालता कशाला? कवचाला कवच लावून गोल बसा, कण हातोहात पुढे सरकवा. एवढंही मीच सांगायचं का?"

कासवं हसली आणि गोल बसली. कुंपणावर बोक्याची शेपटी हलायची थांबली.

मग ढीग भराभर ओसरला. गूळ वाटला गेला. झिपरीला सगळ्यांत मोठा खडा मिळाला. तो हातात धरून तिने कासवाच्या जुळवणीच्या रिकाम्या ताटात डोकावलं.

"निघालं तरी काय हो?"

"एक जवसाची, एक कारळ्याची. बोका आत्ताच घेऊन गेला."

गूळ खाली पडला. ती नावं तिने पिल्लांच्या बापालाही सांगितली नव्हती.

ढीग हटल्यामुळे तिच्या घराची वाट आता सरळ, मोकळी झाली होती. वाटेवर पीठ सांडलं होतं, आणि त्यात मऊ पंजांचे ठसे होते, सगळे तिच्या घराकडे जाणारे.