सगुणाबाईचा गहू

एकदा काय झालं, एका राज्यात तांबेरा नावाचा राक्षस यायचा. शमे, पाय पांघरुणात घे, तो इथे येत नाही. तो गव्हावर यायचा. वाऱ्यावर बसून यायचा आणि हिरव्या शेतांवर तांबडी पूड टाकायचा. मग तीन दिवसांत गहू वाळून जायचा. पण तीस-चाळीस वर्षांतून एकदाच यायचा, म्हणून मधल्या काळात लोक त्याला विसरून जायचे.

सगुणाबाई नावाची एक शेतकरीण मात्र विसरली नव्हती. तिने म्हाताऱ्या राजाला सांगितलं, तांबेऱ्याला खाता येणार नाही असा गहू मी तयार करते, पण बारा वर्षं लागतील. राजा शहाणा होता. त्याने तिला नदीकाठची जमीन दिली, पाटाचं पाणी दिलं, हाताखाली दोन गडी दिले.

मग ती काय करायची, ऐका. कुठल्या बांधावर तांबेऱ्याचा उरलासुरला तांबडा ठिपका दिसला, की ती पूड डबीत भरून आणायची आणि आपल्याच गव्हावर फुंकायची. बहुतेक रोपं मरायची. एखादं तग धरायचं. ते तिच्याशी बोलायचं, बरं का. म्हणायचं, "बाई, अजून जमलं नाही, पण मला पेर." मग पुढच्या वर्षी ती त्याचंच बी पेरायची.

अशी नऊ वर्षं गेली. म्हातारा राजा वारला आणि त्याचा मुलगा उदयभान गादीवर बसला.

आता त्या राज्यात एक रीत होती. राजवाड्याकडून ज्याला काही मिळतं, त्याने पाडव्याला आपलं वर्षाचं सगळं काम ताटात घालून दरबारात आणायचं. घरी काही ठेवायचं नाही, राजाने बघितलं की मग परत न्यायचं. सोनार हार आणायचा, विणकर शेला आणायचा. सगुणाबाईने तांबड्या पडलेल्या ओंब्या आणल्या. उदयभानाने नाक मुरडलं. आमच्या जमिनीत ही रोगट गहू पिकवते, म्हणाला, आणि तिचे गडी काढून घेतले.

दुसऱ्या पाडव्याला अर्ध्या ओंब्या तांबड्या होत्या, अर्ध्या पिवळ्या. त्याने पाटाचं पाणी तोडलं. मग ती डोक्यावर घागरी वाहायला लागली, त्या वयात!

तिसऱ्या पाडव्याला तिने ताटात सात ओंब्या आणल्या. स्वच्छ, पिवळ्याधमक. त्या तिला शेतातच म्हणाल्या होत्या, "बाई, आता जमलं." राजाने विचारलं, याच्या पोळ्या किती होतील? ती म्हणाली, आज एकही नाही, पण पेरत गेलात तर सगळ्या राज्याला पुरतील. दरबार हसला. आणि प्रधानाने त्या सातही ओंब्या उचलून राजाच्या पोपटाला घातल्या.

पोपटाला! मला अजून राग येतो. बारा वर्षं त्या बाईने कंबर मोडून घेतली आणि या टोणग्यांनी दोन घटका करमणूक केली. जमीन हत्तींच्या झुंजींसाठी दिली. सगुणाबाई भावाच्या गावी निघून गेली.

मग पाचव्या वर्षी तांबेरा आला. राजाने सैन्य पाठवलं. सैनिक पुडीवर तलवारी चालवत बसले. मग मांत्रिक पाठवला. तो शिंकत शिंकत परत आला. मग राजा स्वतः सगुणाबाईच्या दारात गेला. हवं ते माग, म्हणाला, पण याच वर्षी तो गहू दे.

ती जात्यावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "महाराज, गहू वर्षातून एकदाच पिकतो. राजा दारात आला म्हणून तो दोनदा पिकत नाही. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि बारा वर्षं लागतील."

राजाने मान खाली घातली आणि जमीन, पाणी, गडी सगळं परत दिलं. पण या वेळी तांबेरा गेलाच नाही, दरवर्षी यायला लागला. लोकांनी कंदमुळं खाल्ली. पहिल्या वर्षी म्हातारी माणसं गेली. मग पाळण्यातली... जाऊ दे, ते मी सांगत नाही.

सगुणाबाईने गावातल्या पोरींना सगळं शिकवलं. अकराव्या वर्षी ती गेली. त्या गव्हाची पोळी तिने कधी खाल्ली नाही. बाराव्या वर्षी पोरींना ओंब्या म्हणाल्या, "आता जमलं." मग शेतं पिकली, तांबेरा दात-ओठ खात निघून गेला, आणि सगळे सुखाने राहिले. म्हणजे जे उरले होते ते.

आणि त्या गव्हाला नाव काय दिलं, माहीत आहे? उदयभान गहू. त्या मेल्याचं नाव! सगळ्या बाजारात अजून तेच चालतं. मी मात्र सगुणी गहू म्हणते. तुम्हीही तेच म्हणायचं, मोठे झालात तरी. म्हणा बघू एकदा. हं. आता मिटा डोळे.