तहानलेली भट्टी

पूर्वी अंजनपुरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरपायथ्याच्या एका लोहारवस्तीत जन्मले होते. गुरुकुल अर्धवट सोडून आले म्हणून वस्तीतले वडीलधारे त्यांना 'अर्धा पंडित' म्हणत. भट्टीवर त्यांच्या जोडीला भाता चालवायची ती उत्तरा नावाची विधवा.

त्या वर्षी डोंगरावरचा तांबडा दगड संपला. मुखिया दंडकाने पायथ्याचा पिवळट दगड खणायला लावला. तीनदा भट्टी पेटवली. तिन्ही वेळा नुसती काळी मळी निघाली, लोखंड काही उतरेना. पण आपली चूक कबूल करील तो मुखिया कसला.

"भट्टीला तहान लागलीय," दंडक म्हणाला. "रक्त मागतेय. उत्तरेला मागंपुढं कोणी नाही."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या चौघांना तिने आजारपणात हाताने भरवले होते. उत्तरेने भाता थांबवला.

बोधिसत्त्वांनी आठ दिवस उन्हात वाळलेला दगड घेऊन सहाणेवर घासला. रेघ पिवळी उमटली. मग त्याचा चुरा मडक्यात घालून, वर गार झाकण ठेवून मडके निखाऱ्यांवर चढवले.

"काय शिजवतोस, अर्ध्या पंडिता?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"तुमची अक्कल, काका. शिजते का बघू."

थोड्या वेळाने त्यांनी झाकण उलटले. आतून पाण्याचे थेंब टपकत होते आणि मडक्यातला चुरा डोंगरावरच्या जुन्या दगडासारखा लाल झाला होता.

"तहान कसली? हा दगड पोटभर पाणी प्यायलाय. ते आधी भाजून काढा, मग भट्टीत घाला."

"आणि नाही उतरलं तर?" दंडकाने विचारले.

"तर तिच्या जागी मी."

दोन दिवस लाकडांच्या राशीवर दगड भाजला, फोडला, कोळशाबरोबर थर देऊन भट्टीत भरला. भात्यावर दुसऱ्या कुणाला उभे करा, असे दंडक म्हणाला.

"जीव माझा आहे, मुखिया," उत्तरा म्हणाली. "वारा मीच घालणार."

सायंकाळी भट्टीचे तोंड फोडले. मळी वाहून गेली आणि मागे लालबुंद गोळा राहिला. बोधिसत्त्वांनी घण घातला. गोळा फुटला नाही, दबला. लोखंड होते.

उत्तरा मटकन खाली बसली. तिने तांब्याभर पाणी घटाघट पिऊन टाकले आणि हसली. "तहान मलाच लागली होती रे."

भिक्षूंच्या सभेला आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "तो दंडक म्हणजे आजचा देवदत्त. उत्तरा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. भट्टीवाला मीच होतो. माना डोलावणारे कोण, ते या सभेत आत्ता ज्यांनी मान खाली घातली त्यांना ठाऊक आहे. बळी देण्याआधी दगड घासून पाहावा, भिक्षूंनो. हीच प्रज्ञापारमिता, शहाणपणाची परिपूर्णता."