दहा दात्यांचं चाक

"कुठल्या गाढवानं बसवलं हे?"

दिगूनं ते चाक उस्तादांच्या नाकासमोर धरलं. अंगठ्याच्या नखाएवढं, दातेरी, ग्रीसनं माखलेलं.

बाबालाल उस्ताद चष्मा पुसत होते. "दाते किती?"

"दहा. पाहिजेत बारा. म्हणून तर काटा साठ दाखवतो आणि ट्रेलर चालतोय पन्नासनं. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही, उस्ताद! मी अर्ध्या तासात हुडकलं."

"हं."

"सांगा की. कोण गाढव?"

"मी."

…

हायवेला लागून उस्तादांचं गाड्यांच्या वेगमीटर-दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागून माझी चहाची टपरी. तिथलं बोलणं माझ्या कानावर आपोआप येतं. त्या दिवशी मात्र मी शेगडी बंद करून ऐकत होतो, खोटं कशाला बोलू?

कारण त्या दिवशी दिगूला पाना मिळायचा होता. सहा वर्षं त्यानं उस्तादांच्या हाताखाली काढली. पुढच्या फाट्यावर गाळा बघितला, बोर्डही रंगवून आणला: 'अचूक मीटर'. पण उस्तादांनी आपला जुना पाना हातात दिल्याशिवाय या रस्त्यावरचा एक ड्रायव्हर त्याला गाडीला हात लावू देणार नव्हता. आमच्याकडची रीतच आहे ती. आणि उस्ताद म्हणाले होते, "सर्जेअण्णांच्या ट्रेलरचा मीटर नीट कर, मग बघू."

गडी हुशार. पण काय सांगू, माझ्या चहात आलं किती घालावं हेसुद्धा तो मलाच शिकवायचा!

"तुम्ही बसवलं? चुकून?"

"चुकून कसं? मोजून बसवलं."

दिगू लालेलाल झाला. "मीटरनं खरं सांगायचं असतं. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत!"

"शिकवलं."

"मग?"

उस्ताद माझ्याकडे वळले. "सदा, तुला आठवतंय?"

न आठवायला काय झालं? अठरा वर्षं झाली. सर्जेअण्णांनी खंबाटकीच्या उतारावर गाडी पलटी केली होती. नशीब बलवत्तर म्हणून वाचले. दवाखान्यातून घरी आले, पुन्हा स्टेअरिंगवर बसले, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांची बायको हौसाक्का एकटीच एसटीनं इथं आली. मीच चहा नेऊन दिला.

ती उस्तादांना म्हणाली, "चाचा, हळू चालवा म्हणून सांगून माझा घसा बसला. माझं ऐकत न्हाईत. काट्याचं ऐकत्यात. तुम्ही तेवढं काट्याला सांगा."

आणि रडायला लागली. चहावर साय धरली, तरी तिनं कपाला हात लावला नाही.

एवढं मी दिगूला सांगितलं. तो स्टुलावर टेकला आणि चाक उलटसुलट करत राहिला.

"मग आता बारा दात्यांचं बसवू की नको?"

उस्तादांनी चष्मा नाकावर चढवला.

"अण्णांनी स्वतः दुरुस्तीला आणलीय. बसवायलाच पाहिजे. पण गुपचूप बसवलं, तर… साठचा काटा बघून अण्णा घाट उतरतील. त्यांचा पाय जुन्या हिशेबाचा. आणि गाडी खरंच साठनं…"

त्याच्या कपाळावर घाम आला.

"आणि सांगितलं, तर अक्कांचं बिंग फुटणार. म्हातारपणी."

"हं," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मीटर कुणी हातात घेतलाय?"

…

तेवढ्यात सर्जेअण्णा आले. नळावर तोंड धुऊन, टॉवेलनं मान पुशीत, एका पायानं जरा लंगडत.

"काय रं, सापडलं का दुखणं?"

"अण्णा…" दिगूनं चाक पुढं केलं. मघाची सगळी ऐट कुठं गेली देव जाणे. "अण्णा, एक सांगायचं होतं. रागवू नका. हे चाक…"

अण्णांनी ते हातात घेतलं. नखानं एकेक दाता मोजला.

"दहा. व्हय ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासनं! काटा साठवर ठेवून एक-दोन मोजत गेलं की पुढचा किलोमीटरचा दगड साठ आकड्यांत यायचा. तो बहात्तरला यायला लागला. अरं, ड्रायव्हर हाय मी का शेंगा इकतो?"

उस्तादांनी चष्मा काढला. त्यांनाही हे नवीनच होतं, शप्पथ सांगतो.

"मग बोलला का नाहीत?" दिगूनं विचारलं.

अण्णा बाकावर टेकले.

"तिच्या पिशवीत एसटीचं तिकीट सापडलं, इथलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली हुती, कधी एकटी बाजारालासुदिक गेली न्हवती ती. माझ्यासाठी एवढ्या लांब आली… म्हणलं, आता ती साठ म्हणती तर साठ."

…

"रोज घरी गेलो की इचारायची," अण्णा म्हणाले, "आज किती पळवली? मी म्हणायचो, साठच्या वर न्हाई बघ. मग तोंडाला पदर लावून हसायची. अजून हसती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं, असं मी म्हणालो. शेगडी तर बंद होती.

"मग आज दुरुस्त कशाला?" दिगूचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उद्यापासनं प्रमोद चालवणार, आमचा थोरला. माझा गुडघा आता साथ देत न्हाई. पोराला खरं दिसू दे. त्याचा पाय, त्यानं बघावं. औंदाच लगीन झालंय त्याचं."

दिगूनं बारा दात्यांचं चाक बसवलं. अण्णांना शेजारी घेऊन रस्त्यावर गेला. नेहमी मोबाइलवर वेग बघणारा गडी, त्या दिवशी मोबाइल माझ्या गल्ल्यावरच विसरून गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "दगड साठ आकड्यांत आला, उस्ताद. दोनदा मोजला."

अण्णा ट्रेलर चालू करायला गेले. दिगू बोर्डाकडे बघत उभा राहिला.

उस्तादांनी खण उघडला. चिंधीत गुंडाळलेला पाना काढला, कपाळाला लावला आणि दिगूच्या हातावर ठेवला. मग त्यावर ते दहा दात्यांचं चाक ठेवलं, स्वच्छ पुसून.

दिगू वाकला, पाया पडला. उठला तेव्हा त्याचेही डोळे भरले होते.

"पाना समजला. पण चाक कशाला, उस्ताद? बोर्डावर 'अचूक' लिहिलंय मी. पुसू का?"

"पुसू नको. बरोबर लिहिलंयस."

"मग?"

उस्ताद रस्त्याकडे बघत राहिले. अण्णांचा ट्रेलर वळणाआड गेला…

"प्रमोदची बायको कधी आली, तर तिचा चहा गार होऊ देऊ नको."